ओकारी झाली म्हणजे विष उतरले काय?

दौंड-सोलापूर लोहमार्गावर कुर्डुवाडीच्या अलीकडे केम हे स्थानक लागते. करमाळा तालुक्यातील हे गाव महाराष्ट्राला परिचित आहे ते तेथील कुंकवाच्या उद्योगामुळे. गावचे दैवत उत्तरेश्वर. महाशिवरात्रीस राज्यातील सर्वच शिवालयांत बेलाच्या पानाबरोबर धोतऱ्याचे फूल व काटेरी फळ पिंडीवर वाहण्याची प्रथा आहे. त्या दिवशी घरोघर उपवास असतो आणि उपवासाला भगर असते. कोठे कोठे भांग घातलेली थंडाईही प्रसाद म्हणून घेतली जाते. धोतरा, भांग आणि भगर ही तीन नावे एकाच सणाच्या दिवशी एकत्र येतात. तिन्हींच्या बाबतीत एखाद्याला मळमळू लागले, तर भोवतालच्या मंडळींच्या तोंडून एकच वाक्य बाहेर पडते : ओकू द्या त्याला, ओकला की उतरेल!

या समजुतीत तथ्यांश आहे. पण तो इतका अपुरा आहे की त्यावर विसंबल्याने रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. मादक वनस्पतींचे पेय घेतल्यावर ओकारी का होते, काहींच्या बाबतीत ती का होत नाही, आणि झाली किंवा न झाली तर त्यावरून काय अनुमान काढावे, याची माहिती शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व ग्रामसेवक यांना असणे म्हणूनच आवश्यक आहे. गावात असा प्रसंग उद्भवला तर डॉक्टर येण्यापूर्वी निर्णय घेण्याची वेळ त्यांच्यावरच येते.

सोमरसाची ओकारी

ओकारीकडे पाहण्याची माणसाची दृष्टी सर्वत्र सारखी नाही. दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनच्या अरण्यात राहणाऱ्या अनेक जमाती 'आयाहुआस्का' नावाचा काढा धार्मिक विधीत घेतात. एका वेलीचे खोड आणि एका झुडुपाची पाने एकत्र उकळून तो केला जातो. तो घेतल्यावर माणसाला डोळे मिटूनही विलक्षण दृश्ये दिसू लागतात. परंतु त्याआधी किंवा त्याबरोबरच बहुतेकांना जोराची ओकारी होते. तेथील लोक या काढ्याला 'ला पुर्गा', म्हणजे रेचक, शोधक, असेच म्हणतात. ओकारी हा त्यांच्या लेखी उपद्रव नसून अंगातील मलिनता बाहेर पडल्याची खूण होय.

आपल्याकडील वैदिक परंपरेने मात्र याच घटनेचा नेमका उलटा अर्थ लावला होता. सोमपान केल्यावर ज्याला सोम पचला नाही, ओकारी होऊन तो बाहेर पडला, त्याच्यासाठी सौत्रामणी नावाची इष्टी सांगितलेली आहे. त्वष्ट्याचा सोम इंद्राने निमंत्रणावाचून प्राशन केला, तो त्याला बाधला आणि पुढे अश्विनीकुमार व सरस्वती यांनी त्याला बरे केले, अशी कथा शतपथ ब्राह्मणात येते. सोमाची ओकारी ही तेथे शुद्धी नाही. तो दोष आहे आणि त्याला प्रायश्चित्त आहे.

मूळ सोम कोणता, हा वाद अद्याप मिटलेला नाही. १९६८ मध्ये गॉर्डन वॅसन यांनी तो एक प्रकारचा अळंबे असावा असे प्रतिपादन केले; १९८९ मध्ये डेव्हिड फ्लॅटरी व मार्टिन श्वार्ट्झ यांनी हरमलाचा पक्ष मांडला. महाराष्ट्रातील याज्ञिक मात्र बऱ्याच काळापासून रानशेर या पर्णहीन, चिकाळ वेलीचा सोमवल्ली म्हणून उपयोग करीत आले आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात पुणे कॉलेजात (हेच पुढे डेक्कन कॉलेज झाले) संस्कृतचे जर्मन अध्यापक मार्टिन हाउग यांनी असा सोमरस स्वतः चाखून पाहिला होता. ऐतरेय ब्राह्मणाच्या १८६३ च्या आवृत्तीत त्यांनी तो अनुभव नमूद केला आहे. रसाची चव इतकी किळसवाणी होती की काही चमच्यांपलीकडे तो पिणे त्यांना शक्य झाले नाही. जर्मनीहून आलेल्या पंडिताची जिज्ञासा वाखाणण्यासारखी खरी. पण त्यांच्या जिभेने व जठराने जो निर्णय दिला, तो शरीरशास्त्राच्या दृष्टीने अगदी रास्त होता. अतिशय कडू चव ही निसर्गात बहुधा विषाची पूर्वसूचना असते, आणि कडवटपणाने ओकारीची भावना होणे हा त्या सूचनेला शरीराने दिलेला पहिला प्रतिसाद होय.

आयुर्वेदातील वमनाचा येथे उल्लेख करणे प्राप्त आहे. पंचकर्मांपैकी हे एक कर्म असून त्यासाठी गेळफळासारखी द्रव्ये सांगितली आहेत. परंतु तेथे रुग्णाची पारख, पूर्वकर्म, प्रमाण आणि वैद्याची देखरेख या सर्वांचे नियम आहेत. नशेच्या पेयाने झालेल्या ओकारीला वमनकर्माचे नाव देणे म्हणजे रस्त्यावर पडल्याने झालेल्या जखमेला शस्त्रक्रिया म्हणण्यासारखे आहे.

शरीरातील पहारेकरी

मेंदूच्या तळाशी, जेथे मेंदू मज्जारज्जूला मिळतो, त्या लंबमज्जा नावाच्या भागात ओकारीचे नियंत्रण चालते. मेंदूला रक्तातील बहुतेक विषारी द्रव्यांपासून वाचविणारा एक पडदा असतो. परंतु लंबमज्जेतील एका लहानशा जागी तो पडदा निसर्गानेच विरळ ठेवला आहे. ही जागा रक्तातील परक्या रसायनांची चव घेत असते असे म्हटले तरी चालेल. संशयास्पद असे काही आढळताच तेथून संदेश जातो, श्वास क्षणभर रोखला जातो, पोटाचे स्नायू आवळले जातात आणि जठरातील पदार्थ तोंडावाटे बाहेर फेकला जातो. बोरिसन व वँग या शास्त्रज्ञांनी १९५० च्या आगेमागे केलेल्या प्रयोगांतून या केंद्राचे कार्य स्पष्ट झाले.

रक्त हा संदेशाचा एकच मार्ग झाला. दुसरा मार्ग आतड्यांतून येतो. शरीरातील सेरोटोनिन या द्रव्यापैकी सुमारे नव्वद टक्के मेंदूत नसून पचनमार्गात असते, ही गोष्ट अनेकांना आश्चर्याची वाटेल. आतड्याच्या अस्तरातील विशिष्ट पेशींना एखाद्या पदार्थाने डिवचले की त्या सेरोटोनिन सोडतात, ते व्हेगस या लांब मज्जातंतूच्या टोकांना उत्तेजित करते आणि वार्ता लंबमज्जेपर्यंत पोहोचते. कर्करोगाच्या औषधांनी होणारी ओकारी थांबविण्यासाठी १९९० च्या सुमारास प्रचारात आलेले ओन्डान्सेट्रॉन हे औषध याच ठिकाणी सेरोटोनिनची वाट अडविते. तिसरा मार्ग अंतर्कर्णाचा. घाटात बस वळणे घेऊ लागली म्हणजे त्याचा प्रत्यय येतो. चौथा मार्ग मनाचा. पूर्वी ज्या पदार्थाने त्रास झाला त्याचा नुसता वास आला तरी पोट ढवळते, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे.

आता ॲमेझॉनच्या काढ्याकडे पुन्हा वळू. त्यातील पानांमध्ये जे भ्रमजनक द्रव्य असते, ते नुसते गिळले तर आतडे व यकृत यांतील मोनोअमाइन ऑक्सिडेज हे विकर ते नष्ट करून टाकते आणि काहीच परिणाम होत नाही. वेलीमध्ये हार्मिन व हार्मालिन ही द्रव्ये असतात. ती या विकरालाच निष्प्रभ करतात. त्यामुळे पानांतील द्रव्याला मेंदूपर्यंत वाट मोकळी होते. परंतु हेच विकर सेरोटोनिनचाही निचरा करीत असते. निचरा थांबला की आतड्यात व मेंदूत सेरोटोनिन साचते आणि वर सांगितलेले दोन्ही मार्ग एकाच वेळी जागे होतात. त्यात काढ्याचा तुरट कडवटपणा आणि उपाशी पोट यांची भर पडते. ओकारी होते ती यामुळे. तिचा मनाच्या मलिनतेशी काही संबंध असल्याचे दिसत नाही.

हा विषय दूरदेशीचा म्हणून सोडून देता येत नाही, याचे कारण हरमल. पश्चिम दख्खनसह भारताच्या कोरड्या प्रदेशांत ही वनस्पती उगवते, तिचे बी काष्ठौषधींच्या दुकानांत मिळते, आणि धुरीसाठी किंवा दृष्ट काढण्यासाठी ते निखाऱ्यावर टाकले जाते. या बियांत हार्मिन व हार्मालिन ही ॲमेझॉनमधील वेलीचीच द्रव्ये आहेत. धुरी घेणे निराळे आणि बियांचा काढा पिणे निराळे. विशेषतः ज्यांना मानसिक नैराश्यावरील गोळ्या चालू आहेत, त्यांनी असा काढा घेतल्यास शरीरात सेरोटोनिनचा अतिरेक होऊन ताप, थरथर, स्नायूंचा ताठरपणा व शुद्ध हरपणे इथपर्यंत मजल जाऊ शकते. 'वनस्पतीच ती, तिने काय होणार', हे वाक्य अशा वेळी फार महागात पडते.

भांग व धोतरा

भांगेची गोष्ट वेगळी आहे. तिच्यातील मुख्य मादक द्रव्य (ते १९६४ मध्ये इस्रायलमधील संशोधक मेचुलम व गाओनी यांनी शुद्ध स्वरूपात वेगळे केले) लंबमज्जेतील ओकारीच्या केंद्राला चेतवीत नाही, उलट शांत करते. म्हणूनच त्यापासून बनविलेले औषध १९८५ पासून अमेरिकेत कर्करोगाच्या रुग्णांना ओकारी थांबविण्यासाठी दिले जाऊ लागले. मग थंडाई पिऊन लोक ओकतात ते का? एक तर भांग पोटातून घेतली म्हणजे तिचा अंमल चढण्यास तास-दीड तास, कधी त्याहूनही अधिक वेळ लागतो. पहिल्या पेल्याने काही झाले नाही असे वाटून दुसरा घेतला जातो, आणि दोन्हींचा अंमल एकदमच चढतो. रक्तदाब उतरतो, चक्कर येते, भीती दाटते. त्यातून पोट दिवसभराचे उपाशी आणि वर दूध, बदाम व साखर यांचे जड पेय. ओकारीला एवढी कारणे पुरेशी आहेत. जे अनेक वर्षे रोज गांजा-भांगेचे सेवन करतात, त्यांच्यापैकी काहींत मात्र हे द्रव्य आपला गुण बदलते आणि त्यांना पुनःपुन्हा अनावर ओकाऱ्यांचे झटके येऊ लागतात. या विकाराचे सविस्तर वर्णन ऑस्ट्रेलियातील डॉक्टरांनी २००४ मध्ये केले. असे रुग्ण कढत पाण्याने वारंवार आंघोळ करतात, कारण त्याने त्यांना तात्पुरता आराम वाटतो. ही खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्यावर खरा उपाय एकच, सेवन पूर्ण बंद करणे.

सणाच्या उत्साहात एका गोष्टीचा विसर पडतो. १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाखाली महाराष्ट्रात भांगेवर निर्बंध आहेत. परवान्यावाचून ती बाळगणे वा विकणे गुन्हा ठरतो.

या सर्वांत अधिक घातक आहे तो धोतरा, आणि त्याचे कारण वाचकांना विपरीत वाटेल : धोतऱ्याने बहुधा फारशी ओकारी होत नाही. धोतऱ्यात ॲट्रोपिन, हायोसायमिन व हायोसिन ही द्रव्ये असतात. यांतील हायोसिन हे प्रवासातील मळमळ थांबविण्याचे जुने व मान्यताप्राप्त औषध आहे. म्हणजे धोतरा पोटात जातो तो पहारेकऱ्याला झोपवूनच. शिवाय तो जठराची व आतड्यांची हालचाल मंदावतो. त्यामुळे बिया पोटात दीर्घ काळ राहतात आणि त्यांतील विष सावकाश पाझरत राहते. तोंडाला कोरड पडते, गिळता येत नाही, चेहरा लाल होतो, अंग तापते पण घाम येत नाही, बाहुल्या विस्फारतात, लघवी अडते. नंतर माणूस बरळू लागतो, हवेतील अदृश्य वस्तू चिमटीत पकडू पाहतो, अंगावरचे कपडे ओढू लागतो. खेड्यात पुष्कळदा याला वारे आले, बाहेरची बाधा झाली असे समजले जाते आणि रुग्णाला दवाखान्याऐवजी देवर्षीकडे नेण्यात मोलाचे तास वाया जातात.

धोतऱ्याचे बी मिरचीच्या बियांशी इतके साम्य दाखविते की न्यायवैद्यकाच्या पुस्तकांतून या दोहोंतील फरक आवर्जून शिकविला जातो. वाटसरूंना धोतरा घालून लुटण्याचे प्रकार ठगांच्या काळापासून नोंदलेले आहेत. १८९३-९४ च्या भारतीय भांग आयोगानेही भांगेत धोतरा मिसळण्याच्या प्रकारांची दखल घेतली होती. भांगेचा अंमल वाढविण्यासाठी कोणी तिच्यात धोतऱ्याच्या दोन बिया घातल्या, तर पिणाऱ्याला ते कळत नाही, आणि ओकारी न झाल्यामुळे बरोबरच्यांनाही ते कळत नाही. पिंडीवर वाहिलेली धोतऱ्याची फळे पूजेनंतर मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा रीतीने गोळा करून पुरण्याची व्यवस्था देवस्थान समित्यांनी केल्यास पूजेत कोणताही उणेपणा येणार नाही.

बाजरीतला अरगट, भगरीतली बुरशी

करमाळ्यासारख्या कोरडवाहू तालुक्याला या विषयाची आणखी एक बाजू अधिक जवळची आहे. नशा करण्याचा कोणाचाही हेतू नसताना, रोजच्या भाकरीतून याच जातीचे विष पोटात जाऊ शकते. फुलोऱ्याच्या वेळी हवा ढगाळ व दमट राहिली म्हणजे बाजरीच्या कणसावर अरगट रोग पडतो. प्रथम कणसातून मधासारखा चिकट स्राव गळतो आणि पुढे दाण्याच्या जागी काळपट, कठीण गाठी तयार होतात. मळणीत या गाठी धान्यात मिसळतात.

१९५६-५७ साली तत्कालीन मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अरगटयुक्त बाजरी खाण्यात आल्याने विषबाधेची साथ उद्भवली होती. १९७५ मध्ये राजस्थानातही असाच प्रकार घडला आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला. जेवणानंतर एक-दोन तासांत मळमळ, ओकारी, चक्कर आणि गुंगी, व एक-दोन दिवसांत बरे वाटणे, असे या बाधेचे स्वरूप असते. युरोपात राय धान्यावर पडणाऱ्या अरगटाने मध्ययुगात हातापायांची बोटे झडत; आपल्या बाजरीवरील बुरशी निराळी असून तिच्यातील क्लेविन गटाच्या द्रव्यांनी तसे होत नाही. परंतु दोहोंचे रासायनिक कूळ एकच. स्वित्झर्लंडमधील आल्बर्ट हॉफमन यांनी १९३८ मध्ये राय धान्यावरील अरगटाच्याच द्रव्यापासून एल.एस.डी. तयार केले आणि १९४३ मध्ये त्याचा भ्रमजनक परिणाम स्वतः अनुभवला. बागेत शोभेसाठी चढविल्या जाणाऱ्या समुद्रशोकाच्या वेलीच्या बियांतही याच कुळातील द्रव्ये आहेत, आणि कुतूहलाने त्या खाणाऱ्यांना बहुधा प्रथम अनुभव येतो तो जोरदार मळमळीचाच. ही द्रव्ये लंबमज्जेतील त्या विरळ पडद्याच्या जागी थेट आघात करतात.

भगरीचा प्रश्न अलीकडच्या वर्षांत पुढे आला आहे. नवरात्र, एकादशी व महाशिवरात्रीच्या सुमारास भगर खाल्ल्याने मळमळ, ओकारी, चक्कर व हातपाय थरथरणे असे प्रकार राज्यात अनेक ठिकाणी घडले. भगरीवर ॲस्परजिलस जातीची बुरशी वाढल्यास फ्युमिगाक्लेविन हे विष निर्माण होऊ शकते, असे अन्न व औषध प्रशासनाने आपल्या सूचनांत म्हटले आहे. हे द्रव्यही अरगटाच्याच कुळातील होय. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील सोमठाणा येथे सप्ताहातील एकादशीच्या प्रसादानंतर दोनशेहून अधिक लोकांना बाधा झाली आणि सलाईनच्या बाटल्या दोरीला बांधून रस्त्यावरच उपचार करावे लागले. अशा प्रत्येक प्रसंगी कारण बुरशीच असते असे नाही. शिळेपणा, दूषित पाणी, कल्हई उडालेल्या भांड्यातील आंबट आमटी हीही कारणे असू शकतात. उरलेल्या अन्नाचा नमुना राखून ठेवणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

गावाने काय करावे

यावरून हे स्पष्ट व्हावे की ओकारी झाली म्हणजे विष उतरले असे नाही आणि ओकारी झाली नाही म्हणजे विष नव्हते असेही नाही. रक्तात शोषले गेलेले विष ओकारीने परत येत नाही. ओकारी घडवून आणण्यासाठी मिठाचे पाणी पाजण्याची जुनी रीत तर सर्वस्वी सोडून द्यावयास हवी. जास्त मीठ पोटात गेल्याने, विशेषतः मुलांच्या बाबतीत, रक्तातील क्षार धोकादायक प्रमाणात वाढतात. आणि अर्धवट शुद्धीतील माणसाने ओकलेले अन्न श्वासनलिकेत गेले तर तो गुदमरतो. ताक, लिंबू, चिंचेचे पाणी यांनाही हेच लागू आहे. रुग्णास कुशीवर निजवावे, तोंड पुसून मोकळे ठेवावे, एकटे सोडू नये आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रुग्ण पूर्ण शुद्धीवर असेल व गिळू शकत असेल, तरच जलसंजीवनीचे पाणी थोडे थोडे द्यावे. त्याने काय खाल्ले-प्यायले हे डॉक्टरांना खरे सांगावे. भांग घेतली हे पोलिसांच्या भीतीने लपविले गेले तर उपचाराची दिशा चुकते. एकाच पंगतीतील दोघांना-तिघांना ओकारी सुरू झाल्याचे दिसताच प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावे. वीस जणांची वाट पाहू नये.

उपवासाची भगर सुटी न घेता बंद पाकिटातील, वेष्टनावर तारीख असलेली घ्यावी, कोरड्या जागी झाकून ठेवावी आणि पीठ फार दिवस साठवू नये. बाजरीच्या बाबतीत अन्नमानकांनी अरगटाची कमाल मर्यादा वजनाच्या ०.०५ टक्के ठरविली आहे. बियाण्यासाठी कृषी खात्याची शिफारस सोपी व अल्पखर्ची आहे. दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवावे, त्यात बाजरी ओतून ढवळावी. अरगटाच्या गाठी व पोचट दाणे वर तरंगतात. ते काढून जाळावेत किंवा खोल पुरावेत, जनावरांपुढे टाकू नयेत. तळाशी बसलेले दाणे स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन सावलीत वाळवावेत. खाण्याच्या धान्यात काळ्या गाठी दिसल्यास तेही याच रीतीने निवडून घेता येते; मात्र दळण्यापूर्वी ते खडखडीत वाळलेले असावे.